वजन कमी करण्याचं ऑपरेशन : कोणी करावं, कोणी करू नये?



काही दिवसांपूर्वी एकाच आठवड्यात माझ्या ओपीडीत दोघी जणी आल्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.)

पहिली २६ वर्षांची. उंची १६० सेंटिमीटर, वजन ६८ किलो. शुगर, बीपी, थायरॉइड, सगळे रिपोर्ट नॉर्मल. सोबत आई होती. लग्न चार महिन्यांवर आलेलं. मोबाइलवर वजन कमी करण्याच्या ऑपरेशनची जाहिरात बघून त्यांनी चौकशी केली होती. आई म्हणाली, "डॉक्टर, तुम्ही फक्त फिटनेसचं पत्र द्या. बाकी सगळं तिकडे बोलणं झालंय."

दुसरी ४६ वर्षांची शिक्षिका. उंची १५६ सेंटिमीटर, वजन ११२ किलो. नऊ वर्षांपासून डायबेटिस, दिवसातून दोनदा इन्सुलिन, तरीही तीन महिन्यांची सरासरी शुगर, म्हणजे एचबीए१सी, ९.८. दोन्ही गुडघे गेलेले. रात्री आडवं झालं की श्वास अडकतो, म्हणून खुर्चीत बसून झोपतात. मी त्यांच्याकडे ऑपरेशनचा विषय काढला, तर त्यांनी मान खाली घातली. म्हणाल्या, "नको हो डॉक्टर. लोक काय म्हणतील? एवढं साधं तोंड आवरता येत नाही, म्हणून पोट कापून घेतलं?"

जिला गरज नाही तिला घाई झालेली आणि जिला गरज आहे ती लाजेनं मागे सरलेली. माझ्या अनुभवात हे वारंवार घडतं. म्हणून आज या विषयावर लिहितो आहे. माझं मत आधीच सांगतो : हे ऑपरेशन सुंदर दिसण्यासाठी नाही आणि ते हार मानल्याची कबुलीही नाही. तो एका आजारावरचा उपचार आहे. म्हणून निर्णय आजार बघून घ्यायचा, आरसा बघून नाही आणि शेजारी बघूनही नाही.

आधी माझी चूक

त्या शिक्षिका नऊ वर्षं माझ्याकडेच येत होत्या. त्या गेल्यावर मी त्यांची फाइल पुन्हा चाळली. जवळजवळ प्रत्येक भेटीत माझ्याच अक्षरात एक ओळ होती : "वजन कमी करा, रोज चाला." या नऊ वर्षांत बाईंनी तीन वेळा दहा-बारा किलो वजन उतरवलं होतं. तिन्ही वेळा ते परत आलं, वर दोन किलो घेऊन. मी तिन्ही वेळा त्यांनाच बोललो. "पुन्हा सुरू झालं ना खाणं?" हे वाक्य मी बोललो असणार, कारण तेव्हा मी सगळ्यांनाच ते बोलत असे. ऑपरेशनचा पर्याय मात्र नऊ वर्षांत एकदाही सांगितला नाही. त्यांच्या मनातल्या लाजेत माझाही वाटा आहे.

वजन परत का येतं?

आपलं शरीर दुष्काळात तगून राहण्यासाठी घडलेलं आहे. वजन भराभर उतरू लागलं की शरीराला तो धोका वाटतो. भूक वाढवणारं घ्रेलिन हे हार्मोन वाढतं, पोट भरल्याचा निरोप देणारी हार्मोन्स कमी होतात आणि शरीर ऊर्जा काटकसरीनं वापरू लागतं.

अमेरिकेत 'द बिगेस्ट लूजर' नावाची वजन उतरवण्याची टीव्ही स्पर्धा होती. त्यातल्या १४ स्पर्धकांना शास्त्रज्ञांनी सहा वर्षांनी पुन्हा तपासलं आणि २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. बहुतेकांचं बरंचसं वजन परत आलं होतं. शिवाय त्यांचं शरीर विश्रांतीच्या अवस्थेत अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमी खर्च करत होतं, स्पर्धेला सहा वर्षं उलटल्यावरही!

याचा अर्थ आहार-व्यायाम निरुपयोगी आहे, असा मुळीच नाही. अमेरिकेतल्या २००२ सालच्या मोठ्या अभ्यासात, डायबेटिसच्या उंबरठ्यावरच्या लोकांनी आहार आणि व्यायामातून वजन सुमारे ७ टक्के उतरवण्याचं लक्ष्य ठेवलं आणि त्यांच्यात डायबेटिस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. ज्याला ७-८ किलो कमी करायचे आहेत, त्याच्यासाठी हाच रस्ता. पण ज्याला ४० किलो कमी करून ते वर्षानुवर्षं टिकवायचे आहेत, त्याला फक्त मनोबलाच्या जोरावर ते क्वचितच जमतं. हा शरीराचा स्वभाव आहे. त्यात माणसाचं चारित्र्य शोधू नका.

ऑपरेशनमध्ये नेमकं काय करतात?

मुख्य प्रकार दोन. दोन्ही बहुधा दुर्बिणीतून, छोट्या छिद्रांतून होतात आणि साधारण दोन-तीन दिवस रुग्णालयात राहावं लागतं.

*स्लीव्ह :* जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग कापून कायमचा काढून टाकतात. उरतं ते केळ्याच्या आकाराचं नळीसारखं जठर. घ्रेलिन तयार करणारा बराच भाग निघून गेल्यामुळे भूकही कमी होते. काढलेला भाग पुन्हा बसवता येत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा.

*बायपास :* जठराच्या वरच्या टोकाला छोटी पिशवी करतात आणि ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात. अन्न उरलेल्या जठराला आणि आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला वगळून पुढे जातं. डायबेटिसवर याचा परिणाम सहसा जास्त चांगला दिसतो. ज्यांना आधीपासून ॲसिडिटीचा, छातीत जळजळीचा मोठा त्रास आहे, त्यांनाही स्लीव्हपेक्षा बायपास बरा, कारण स्लीव्हनंतर हा त्रास वाढू शकतो.

एक गैरसमज इथेच दूर करतो. या ऑपरेशनात चरबी काढत नाहीत. चरबी शोषून काढणं म्हणजे लायपोसक्शन, ती वेगळी, सौंदर्यासाठीची प्रक्रिया आहे. तिच्यानं डायबेटिस सुधारत नाही.

मी यात बसतो का?

किलोतलं वजन मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागलं की बीएमआय मिळतो. त्या शिक्षिकांचा ११२ भागिले (१.५६ × १.५६), म्हणजे ४६. त्या मुलीचा २६.६.

भारतीयांमध्ये २३ च्या वर जास्त वजन आणि २५ च्या वर लठ्ठपणा मानतात, कारण आपल्याकडे कमी वजनातही पोटावर चरबी साठते आणि डायबेटिस लवकर येतो. ऑपरेशनचे निकष काळानुसार बदलत गेले. १९९१ मध्ये अमेरिकेत ठरलेली सीमा होती बीएमआय ४०, किंवा सोबत गंभीर आजार असल्यास ३५. आशियाई लोकांसाठी ती बरीच वर्षं ३७.५ आणि ३२.५ धरली गेली. २०२२ मध्ये या शस्त्रक्रियेच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी ती आणखी खाली आणली. आशियाई लोकांमध्ये २७.५ च्या पुढे पर्याय म्हणून विचार करता येतो, असं त्या म्हणतात.

इथे माझं मत थोडं सावध आहे. निकषात बसणं आणि गरज असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बीएमआय २९, पण शुगर गोळ्यांवर आटोक्यात, गुडघे ठीक, झोप शांत, अशा माणसाला मी आज ऑपरेशनकडे पाठवणार नाही. बीएमआय ३६, इन्सुलिन घेऊनही शुगर बेताल, झोपेत श्वास थांबतो, लिव्हरवर चरबी, अशा माणसाला मात्र मी हा विषय आपणहून सांगेन आणि "अजून वर्षभर प्रयत्न करून बघू" असं म्हणत त्याचा वेळ घालवणार नाही.

त्याआधी काही गोष्टी तपासाव्या लागतात. थायरॉइड किंवा कॉर्टिसॉलचा आजार आहे का? वजन वाढवणारी औषधं, म्हणजे स्टेरॉइड, मानसिक आजारावरच्या काही गोळ्या, चालू आहेत का? दारू, तंबाखू, सिगारेटचं व्यसन, उपचार न झालेलं नैराश्य, अनावर होऊन खात सुटण्याची सवय असेल, तर आधी त्यावर उपचार आणि मग ऑपरेशन. मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवलं तर "मला वेडा ठरवतायत का?" असं मनात आणू नका. तो तयारीचाच भाग आहे.

फायदा किती? खरे आकडे

पहिल्या दीड-दोन वर्षांत मूळ वजनाच्या साधारण २५ ते ३० टक्के वजन उतरतं. म्हणजे ११२ किलोच्या व्यक्तीचं २८ ते ३३ किलो. ती ५५ किलोची होणार नाही, ८० च्या आसपास येईल. त्यानंतर थोडं वजन बहुतेकांचं परत येतं, काहींचं बरंच येतं.

डायबेटिस "कायमचा बरा होतो" असं जाहिरातीत वाचाल. स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या एका मोठ्या अभ्यासात २००० हून अधिक लोकांवर ऑपरेशन झालं. त्यातली बरीच ऑपरेशनं जुन्या पद्धतीची होती. ज्यांना आधी डायबेटिस होता त्यांच्यापैकी ७२ टक्के लोक दोन वर्षांनी डायबेटिसमुक्त होते. दहा वर्षांनी हेच प्रमाण ३६ टक्क्यांवर आलं. अमेरिकेतल्या १५० रुग्णांच्या दुसऱ्या अभ्यासाचे पाच वर्षांचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. एचबीए१सी ६ किंवा त्याहून खाली आणणारे, फक्त औषधांवर ५ टक्के, स्लीव्हनंतर २३ टक्के आणि बायपासनंतर २९ टक्के.

हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचा. औषधांपेक्षा ऑपरेशन कितीतरी सरस ठरलं. तरीही चारातल्या तिघांची शुगर त्या पातळीला पोहोचली नाही. त्यांना फायदा झालाच नाही असं नाही. बऱ्याच जणांची औषधं कमी झाली, इन्सुलिन सुटलं. पण "मुक्ती" हा शब्द जपून वापरावा. डायबेटिस जितका नवा, तितका फायदा जास्त. वीस वर्षांचा आजार, स्वादुपिंड थकलेलं, अशा वेळी अपेक्षा माफक ठेवा.

किंमत काय?

पैशांचं नंतर बोलू. आधी शरीराचं.

चांगल्या केंद्रात जिवाचा धोका साधारण हजारात एक ते तीन एवढा असतो. टाक्यांतून गळती, रक्तस्राव, पायात रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणं, हे धोके थोडे असले तरी खरे आहेत. वय जास्त, हृदय कमजोर, अनुभव कमी असलेलं केंद्र, असं असेल तर धोका वाढतो.

पुढची गोष्ट कोणी नीट सांगत नाही : ऑपरेशन दोन तासांचं, पण त्याची काळजी जन्मभराची. मल्टिव्हिटॅमिन, बी-१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व कायम घ्यावं लागतं आणि रक्ततपासण्याही कायम. माझ्याकडे एक गृहस्थ हातापायांना मुंग्या येतात, चालताना तोल जातो म्हणून आले. पाच वर्षांपूर्वी बायपास झालेला. पहिलं वर्ष सगळं व्यवस्थित केलं. मग "बरं वाटतंय ना" म्हणून गोळ्याही बंद आणि तपासण्याही. बी-१२ तळाला गेलं होतं. उतरलेल्यातलं बारा किलो वजनही परत आलं होतं. ऑपरेशन चांगलंच झालं होतं, पुढची साथ सुटली होती.

आता आपल्या ताटाचं बघू. ऑपरेशननंतर आधी पातळ, मग मऊ आणि मग नेहमीचं अन्न, पण एका वेळी जेमतेम वाटीभर. त्या वाटीत दिवसभरात मिळून किमान ६० ग्रॅम प्रथिनं बसवायची असतात. आपल्या शाकाहारी घरात हे सोपं नाही. वाटीभर शिजलेल्या वरणात ६-७ ग्रॅम प्रथिनं, एका अंड्यात सुमारे ६, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८-२० ग्रॅम. म्हणजे जेवणाची सुरुवात उसळ, पनीर, अंडं किंवा मासळीनं करायची आणि पोळी-भात जागा उरली तर. साबुदाण्याची खिचडी खाऊन केलेले उपास बंद. पंगतीतला आग्रह बंद. बायपासनंतर गोड खाल्लं तर काहींना धडधड, घाम, चक्कर, जुलाब होतात. चतुर्थीला मोदकाला "एकच" म्हणणाऱ्या आत्याला आधीच सांगून ठेवावं लागतं.

आणखी काही गोष्टी थोडक्यात :

– तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान केस गळतात. बहुतेकांचे परत येतात.
– कातडी सैल पडते, विशेषतः पोट आणि दंडांवर.
– भराभर वजन उतरताना पित्ताशयात खडे होऊ शकतात.
– बायपासनंतर दुखण्यावरच्या नेहमीच्या गोळ्या मनानं घेऊ नका, अल्सर होतो. तंबाखू-सिगारेट तर नाहीच.
– दारू लवकर आणि जास्त चढते आणि काहींना नव्यानं व्यसन लागतं.
– १२ ते १८ महिने दिवस राहू देऊ नयेत. पाळी अनियमित असलेल्या स्त्रियांना वजन उतरल्यावर अनपेक्षितपणे दिवस जाऊ शकतात, म्हणून गर्भनिरोधनाचं आधीच ठरवा.
– उलट्या थांबत नसतील तर वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. बी-१ कमी पडून मेंदूला इजा होऊ शकते.
– शुगर-बीपीच्या गोळ्या पहिल्या आठवड्यापासूनच कमी कराव्या लागतात. म्हणून तुमच्या नेहमीच्या डॉक्टरला न सांगता हे ऑपरेशन करू नका.

"इंजेक्शन निघालंय ना आता?"

हो. सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपटाइड ही आठवड्यातून एकदा घ्यायची इंजेक्शनं खरोखर प्रभावी आहेत. अभ्यासांत सेमाग्लुटाइडनं साधारण १५ टक्के आणि टिर्झेपटाइडच्या मोठ्या डोसनं सुमारे २० टक्के वजन उतरलं. ज्यांचा बीएमआय मधल्या टप्प्यात आहे किंवा ज्यांना ऑपरेशनचा धोका जास्त आहे, त्यांच्यासाठी हा चांगला पर्याय आहे. पण सेमाग्लुटाइड बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आलं, हेही अभ्यासातच दिसलं. म्हणजे इथेही साथ दीर्घकाळाची आणि खर्च महिन्याच्या महिन्याला. ऑपरेशन आणि इंजेक्शन हे शत्रू नाहीत. काहींना दोन्ही लागतात. फक्त केमिस्टकडून मनानं आणून ही इंजेक्शनं घेऊ नका.

पैसे आणि विमा

ऑपरेशन महाग आहे. सांगितलेल्या "पॅकेज"मध्ये पुढच्या दोन वर्षांच्या तपासण्या, गोळ्या आणि आहारतज्ज्ञाच्या भेटी धरल्या आहेत का, हे विचारा. भारतातल्या आरोग्यविम्याच्या प्रमाणित अटींनुसार डॉक्टरांचा सल्ला, वय १८ किंवा जास्त आणि बीएमआय ४० किंवा अधिक असेल तर हा खर्च वगळता येत नाही. बीएमआय ३५ च्या वर असेल तर सोबत हृदयविकार, तीव्र स्लीप ॲप्निया किंवा आटोक्यात नसलेला डायबेटिस यांसारखा गंभीर आजार आणि साध्या उपायांनी वजन न उतरल्याची नोंद लागते. म्हणून आहारतज्ज्ञाच्या भेटींचे आणि औषधांचे कागद जपून ठेवा. पॉलिसीतला प्रतीक्षाकाळही वाचा.

ठरवण्याआधी स्वतःला पाच प्रश्न

१. वजनामुळे मला नेमका कोणता आजार झालाय? त्याचं नाव घेता येतं का?
२. मी डॉक्टर आणि आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली प्रयत्न केलेत, की फक्त जाहिरातीतली पावडर घेतलीये?
३. दहा वर्षांनीही मी रोज गोळ्या घेईन आणि वर्षातून एकदा रक्त तपासून घेईन का?
४. खाणं हा माझा ताण घालवण्याचा एकमेव मार्ग आहे का? तो बंद झाल्यावर काय करणार?
५. हे मला हवंय, की दुसऱ्या कोणाला?

आणि सर्जनना तीन प्रश्न : तुम्ही आणि तुमच्या टीमनं अशी किती ऑपरेशनं केली आहेत? माझ्यासाठी हाच प्रकार का? आणि पाच वर्षांपूर्वी ऑपरेशन झालेल्या एखाद्या रुग्णाशी, त्यांची हरकत नसेल तर, मला बोलता येईल का? सहा महिन्यांपूर्वीचा रुग्ण सगळेच दाखवतात. पाच वर्षांचा विचारा.

त्या दोघींचं काय झालं?

मुलीला मी पत्र दिलं नाही. तिच्या आईला ते आवडलं नाही. मी त्यांना एवढंच म्हटलं, "आजार नसलेल्या मुलीचं जठर कापायचं पत्र मी देऊ शकत नाही." मुलीला आहारतज्ज्ञाकडे पाठवलं. उठताना ती हळूच "थँक यू" म्हणाली. त्यावरून पाचव्या प्रश्नाचं उत्तर मला कळलं.

शिक्षिकांना मी आधी सॉरी म्हटलं. नऊ वर्षं फक्त सल्ला दिला आणि पर्याय सांगितला नाही, याबद्दल. मग झोपेची तपासणी करून घेतली. रात्री श्वास थांबत होता, त्यासाठी सीपॅप मशीन सुरू केलं. बऱ्याच वर्षांनी त्या आडव्या झोपल्या. पुढच्या भेटीला यजमानांनाही घेऊन आल्या. त्यांना मी वर लिहिलेलं सगळं, धोक्यांसकट, सांगितलं. आता त्या एका सर्जनना भेटल्या आहेत आणि पाच वर्षांपूर्वी ऑपरेशन झालेल्या एका बाईंशी बोलणार आहेत.

त्यांनी अजून ठरवलेलं नाही. "नाही" म्हणाल्या तरी मी त्यांचा डॉक्टर राहणारच आहे. इंजेक्शन आहे, सीपॅप आहे, गुडघ्यांचे व्यायाम आहेत. पण या वेळी जाताना त्यांनी मान खाली घातली नव्हती. दारातून वळून विचारलं, "डॉक्टर, ऑपरेशन केलं तर शाळेत किती दिवसांनी जाता येईल?"

मी म्हटलं, "सगळं सुरळीत झालं तर साधारण दोन ते तीन आठवड्यांनी."

"मग सुट्ट्यांचं बघते," म्हणाल्या.